दाणे नाहीत, नुसतं कूट

माझ्या नातीला शेंगदाणे चालत नाहीत. हे वाक्य मी गेल्या सात वर्षांत इतक्या लोकांना सांगितलंय की आता सांगताना माझंच डोकं फिरतं. कारण समोरचा माणूस दर वेळी एकच विचारतो, "एकही नाही? थोडे तर चालत असतील ना?" चालत नाहीत म्हणजे चालत नाहीत. पुन्हा वर मलाच समजावतात, "सवय लावली तर जातं हो ते."

खरं तर हा प्रश्न सगळ्यात आधी मीच विचारला होता. नात चार वर्षांची होती. चिवडा खाल्ला की तिचे ओठ सुजतात, असं सून म्हणायची. मी म्हणायचे, आजकालच्या आयांचे नखरे. आमच्या घरात पोरं दाण्यांवरच वाढली. एका चतुर्थीला सून कॉलेजात शिकवायला गेली होती, तेव्हा मी पोरीच्या हातावर दाणे-गुळाचा अर्धा लाडू ठेवला. पाच-दहा मिनिटांत तिचं तोंड लाल झालं, ओठ फुगले, आवाज बसला. आम्ही जबलपुरात राहतो; शेजारच्या भैयांनी रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं आणि मग विचारलं, "किसने खिलाया?" मी म्हटलं, "मैंने." सून कॉलेजातून धावत आली. ती मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून आमच्या विजय नगरच्या घरात दाणे आले नाहीत. साठी उलटल्यावर मी नव्यानं स्वयंपाक शिकले. खिचडीत खोबरं, भरल्या वांग्यात खोबरं, कोशिंबिरीत खोबरं. सगळ्याला एकच चव. पण पोट भरतं.

डॉक्टरांनी एक पिवळा डबा भरून दिला. परदेशात म्हणे यासाठी तयार पेन मिळतं, मांडीवर दाबलं की औषध आत. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. म्हणून डब्यात औषधाच्या दोन बारक्या काचेच्या बाटल्या, दोन सिरिंजा, आणि किती ओढायचं त्या रेघेवर लाल पट्टी चिकटवलेली. सून ते भरायला शिकली. माझा मुलगा बँकेत मोठा साहेब आहे, पण सुई पाहून खाली बसला. मी शिकले नाही. मला कोणी शिकवलंही नाही. चौथी पास म्हातारीला काय सुई शिकवायची.

आता शिबिराचं. जबलपुरात आमचं मराठी लोकांचं एक मंडळ आहे. इथल्या पोरांना मराठी समजतं, पण तोंड उघडलं की "आजी, मला भूक लगी है" असं काहीतरी निघतं. त्यावर उपाय म्हणून मंडळ नाताळच्या सुट्टीत तीन दिवसांचं शिबिर घेतं. भेडाघाटच्या बाजूला एका शाळेच्या मैदानात तंबू, दोरीवरून चढणं-उतरणं, नर्मदेच्या काठानं चालणं आणि मराठी गाणी. माझी नात अकरा वर्षांची झाली तरी एकाही सहलीला गेली नव्हती. शाळेची सहल असो की वर्गातल्या पोरीचा वाढदिवस, ही घरी. यंदा तिनं दोन दिवस कोणाशी बोलणंच टाकलं. मग सून म्हणाली, "जाऊ देते. पण इंजेक्शन देता येणारं कोणी तिथं असेल तरच."

मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. म्हणाले, "वहिनी, आपले कंपाउंडर काका आहेत ना!" कंपाउंडर काकांना चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. सून हटली नाही. शेवटी जी मंडळी दोऱ्या-तंबू घेऊन येतात, त्यांनी सांगितलं की आमच्याकडे एक ट्रेनिंग झालेली मुलगी आहे, ती पाठवतो. सेक्रेटरी माझ्याकडे वळले, "आणि काकू, खाण्यापिण्याचं बघायला तुम्हीच चला. मग चिंताच नाही." म्हणजे चुकलं तर आजीच्या गळ्यात. मी गेले. दुसऱ्या कोणावर माझा विश्वासही नव्हता.

ती मुलगी पाहून तर माझा होता नव्हता तोही गेला. काडीसारखी, चोवीस-पंचवीसची, बोलण्याला ब्रेक नाही. कमरेला पट्ट्याची पिशवी, पिशवीत आमचा पिवळा डबा. मी म्हटलं, "काय ग, टिकटं काटून राहिली का?" तिला मराठी येत नव्हतं, पण टोमणा कळला. म्हणाली, "दादीजी, आपका टिकट फ्री है."

सेक्रेटरींचं म्हणणं, औषधाचं सामान ऑफिसच्या कपाटात बक्षिसांच्या ढालींबरोबर कुलपात राहील आणि चावी त्यांच्या खिशात. मुलगी म्हणाली, "सर, और आप नहाने गए तो?" बायका हसल्या. सेक्रेटरींनी तोंड वाकडं केलं, पण डबा तिच्या कमरेलाच राहिला.

पहिल्या सकाळी तिनं सगळ्या मोठ्यांना गोळा करून शिकवायला घेतलं. सेक्रेटरींनी नेमकी तीच चहाची वेळ ठेवली होती. निम्मे लोक कप घेऊन उन्हात जाऊन उभे राहिले. मंडळाच्या अध्यक्षांची बायको म्हणाली, "मला बाई सुई बघवतच नाही," आणि डोळे मिटून बसली. सुई टोचून दाखवायला मुलीनं मांडीऐवजी मी घरून आणलेली संत्री घेतली. पाणी भरून टोचत सुटली. मी म्हटलं, "ती पोरांना खायला आणलीत, तुझ्या सुईसाठी नाही." ती म्हणाली, "दादी, जांघ जैसा और कुछ नहीं मिलता." सात संत्री वाया घालवली.

पण शिकवलं सरळ. दाणे पोटात गेल्यावर अंगावर गांध्या उठल्या आणि त्याबरोबर उलटी झाली किंवा श्वास अडकला, की थांबायचं नाही. गोळी देऊन वाट बघायची नाही. पोराला आडवं करायचं, उठून बसवायचं नाही, चालवायचं तर नाहीच. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून सुद्धा, सुई टोचायची. किती वाजले ते लिहायचं. बरं वाटलं तरी दवाखाना. मग तिनं एकेकाला विचारलं. दोन प्रोफेसर अडखळले. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. "वाह दादी, आपको तो सब याद है!" मी म्हटलं, "चौथी पास हूँ, बहरी नहीं."

स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. भाजी-भाताला महाराज होता, पोळ्या, चटणी, कोशिंबीर मंडळातल्या बायका करायच्या. मी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. चिक्कीची दोन पाकिटं, चिवड्याचा एक डबा आणि खारे दाणे निघाले. सगळं सेक्रेटरींच्या गाडीत टाकून गाडी बंद केली. बायका धुसफुसल्या. एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "एका पोरीसाठी चाळीस पोरांचा फराळ बंद." दुसरी म्हणाली, "मुलांना मराठी बोलता येत नाही, निदान मराठी खाऊ तर द्या. दाण्याशिवाय कसलं आलंय मराठी जेवण!" मी म्हटलं, "काहून, पुरणपोळीत दाणे असतात का? करा की पुरणपोळ्या." त्यानंतर सगळ्या आपापल्या कामाला लागल्या. चाळीस पोरांना पुरणपोळ्या कोण लाटणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात दोरीवरून उतरली. पहिल्यांदा घाबरून वरच बसली, मग उतरली आणि खाली येऊन मला हात दाखवत बसली, दोरीनं लाल झालेले. "आजी, बघ ना! मी केलं!" मराठीत बोलली. मला वाटलं, चला, शिबिराचा काहीतरी उपयोग झाला.

दुपारी पोरं पंगतीला बसली. मी समोर उभी होते. वाढणारीच्या हातातलं प्रत्येक पातेलं मी बघितलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, पोळी, काकडीची कोशिंबीर. काकडीची कोशिंबीर जशी दिसते तशी दिसत होती. पुढं व्हा, म्हटलं.

पोरं हात धुवायला उठली. नात उठली नाही. मला म्हणाली, "आजी, गळ्यात कसंतरी होतंय." मान खाजवत होती. कॉलर बाजूला केली तर खाली लाल गांध्याच गांध्या. मी तिला धरून नळाजवळ नेलं, तिथं ती ओकली. चालवायचं नाही हे मला तोंडपाठ होतं, तरी मीच तिला चालवत नेलं.

सेक्रेटरी म्हणाले, "उन्हात चढली ना सकाळी. लिंबूपाणी द्या." कोणीतरी म्हणालं, पित्त. अध्यक्षांची बायको "हवा येऊ द्या, हवा येऊ द्या" म्हणत होती आणि तिच्यासकट दहा जणी पोरीभोवती गोल करून उभ्या होत्या. पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ती माझ्याकडे बघत होती.

ती काडीसारखी मुलगी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. धावत आली, बायकांना कोपरानं बाजूला केलं, पोरीला जमिनीवर आडवी केली, मान बघितली, छातीला कान लावला. एवढंच. पिशवीतून डबा काढला, बाटलीची मान मोडली, लाल पट्टीपर्यंत औषध ओढलं. तोंडानं सांगत होती, एकेक गोष्ट, जशी काल सांगितली होती तशी. मला म्हणाली, "दादी, इसका पैर पकड़िए. मैं लगा रही हूँ."

आणि मी तिचा हात पकडला. पोरीचा पाय नाही, सुई धरलेला त्या मुलीचा हात. म्हटलं, "थांब. रुको. इसके पापा को फोन लगने दो."

सेक्रेटरी फोन लावतच होते. त्या मैदानात फोन लागत नाही, हे दोन दिवसांपासून सगळ्यांना माहीत होतं. आमच्या घरात गेली पन्नास वर्षं कोणतंही मोठं काम घरच्या पुरुषाला विचारल्याशिवाय झालेलं नाही. आधी सासऱ्यांना, मग नवऱ्याला, आता मुलाला. मला वाटलं होतं, ती सवय माझी नाही, बाकीच्यांची आहे. मी तर बाकीच्यांना हसते. पण हात माझाच पुढं गेला. आणि मी चांगला घट्ट धरला होता. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात आहे, सहज सुटत नाही.

मुलगी ओरडली नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दादी, हटिए."

असं मला कोणी म्हणून किती वर्षं झाली, आठवत नाही. तिनं हात असा पिळला की माझी बोटं आपोआप सुटली. पँटवरूनच तिनं सुई मांडीत घातली, दाबून धरली, तोंडानं दहा मोजले, काढली. मग स्वतःच्या मनगटावर पेननं वेळ लिहिली. सेक्रेटरी अजून "हॅलो, हॅलो" करत होते.

तीन-चार मिनिटं गेली. ती मुलगी दुसरी सिरिंज काढून गुडघ्याशी ठेवून बसली होती. मग शिट्टी हलकी झाली. पोरीच्या ओठांना रंग आला. ती उठून बसायला गेली, तर मुलीनं तिचा खांदा दाबला, "लेटी रह, मेरी माँ." पोरगी थरथरत होती. मुलगी म्हणाली, ते औषधाचं आहे, घाबरू नका. मी पोरीचे पाय धरून बसले होते. आता काय उपयोग.

तेवढ्यात मला भान आलं. मी ओरडले, "दाणे कोणी घातले?" मग कोशिंबीर करणारी बाई पुढं आली. चांगली बाई आहे, बँकेतून रिटायर झाली, माझ्या मुलाच्याच शाखेत होती. म्हणाली, "दाणे नाहीत हो काकू, देवाशपथ. मी स्वतः नजर ठेवून होते. कोशिंबिरीत नुसतं कूट आहे. घरून आणलं होतं, मसाल्यांच्या डब्यांबरोबर डबीतून."

सांगते ते खोटं वाटेल, पण आजूबाजूच्या बायकांनी माना हलवल्या. हां, कूटच तर आहे. आणि क्षणभर माझ्याही मनात तेच आलं. मग तिलाच उमगलं, कूट म्हणजे दाणेच. तिला मी काय बोलणार होते? पातेलं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. काकडीवर कूट दिसलं म्हणून मी पुढं जाऊ दिलं. कूट नसतं तर मी थांबवून विचारलं असतं, कोशिंबीर अशी ओकीबोकी काहून? सात वर्षं घरात खोबरं घालून राहिले, पण डोळे जुनेच.

गाडीत नात मागच्या सीटवर आडवी, ती मुलगी खाली पायांशी, दुसरी सिरिंज हातात धरून. मी पुढं. ती सुई लागली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं, सलाईन लावलं, म्हणाले दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू, कारण हे पुन्हा उलटू शकतं. मुलीच्या मनगटावरची वेळ त्यांनी कागदावर उतरवून घेतली आणि म्हणाले, "बिल्कुल सही समय पर दिया." बिल्कुल सही नव्हतं. माझ्यामुळे थोडं उशिरा होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मुलगा आणि सून येईपर्यंत आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, "तूने मुझे हटिए बोला."

"सॉरी दादी."

"सॉरी काहून? हटाना ही था."

ती बूट बघत म्हणाली, "ट्रेनिंग में सिखाते हैं हमको. सुई के टाइम पर घरवाले ही हाथ पकड़ते हैं. कैसे छुड़ाना है, वो भी सिखाते हैं."

म्हणजे आम्ही धड्यात आहोत. मला तिचा राग आला, खोटं काहून सांगू. कोणीतरी आधीच बसून ठरवून ठेवलं होतं की अशी एक आजी असेल आणि ती असा हात पकडेल. आणि मी अगदी तशी निघाले. मी तिला म्हटलं, "संत्री खाशील का? टोचलेली नाहीत." पिशवीत दोन उरली होती. तिनं एक खाल्लं, एक नातीसाठी ठेवलं.

सून आली तेव्हा मीच सांगितलं, मी हात धरला होता म्हणून. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. ती या वेळीही काही बोलली नाही. पण आठ दिवसांनी एका दुपारी जुनी सिरिंज आणि एक संत्रं घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, "आई, शिका." शिकले. हात कापत नाही माझा. कंपाउंडर काकांपेक्षा बरा आहे.

पुढं मंडळाची बैठक झाली. त्या मुलीला शाल-नारळ दिला. तिला नारळाचं काय करायचं ते कळेना. त्यानंतर दोन तास भांडण. कोणी म्हणालं, अशी मुलं शिबिरात घेऊच नयेत, जबाबदारी कोणाची? नात मागच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होती. कोणाला सुचलं नाही की तिला बाहेर पाठवावं. मी उठून म्हटलं, "पोरगी नाही, कूट बंद करा." त्यावर एक प्रोफेसर म्हणाले, "काकू, परंपरेचाही विचार करावा लागतो." शेवटी ठरलं की पोरगी येईल, कूट-दाणे बंद, आणि जबाबदारीसाठी एक नवा फॉर्म.

तो फॉर्म परवा सेक्रेटरी स्वतः घेऊन आले. पुढच्या शिबिराचा. नात दारातच उभी राहिली, यांच्या हातात कागद आहे म्हणजे तिचं जाणं त्या कागदावर आहे, एवढं तिला कळत होतं. मुलगा चष्मा लावून वाचायला लागला. नाव, वय, काय चालत नाही. आणि खाली, जाड अक्षरांत: आणीबाणीच्या वेळी इंजेक्शन देण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी? पुढं तीन रेघा. वडील, आई, आणि शिबिरात हजर असलेली घरची मोठी व्यक्ती.

एवढं सगळं झाल्यावर हे. मी मुलाच्या हातून पेन घेतलं. तो म्हणाला, "आई, तू राहू दे, मी लिहितो." मी राहू दिलं नाही. माझं अक्षर मोठं आहे, तिन्ही रेघा लागल्या. लिहिलं: कोणाचीही नाही. शिकलेली मुलगी ठरवेल. आजीने हात धरला तर सोडवून घ्यावा.

सेक्रेटरींनी वाचलं. म्हणाले, "काकू, हे असं लिहिता येत नाही."

"आलं की लिहिता," मी म्हटलं. "सही कुठं करू?"